नवलच्या नावाची मूठ

मेघाचं लग्न झालं त्या वर्षी श्रावण दोनदा आला. लग्न वैशाखात झालं. कन्यादानाला मेघाचा बाप नव्हता, म्हणून बापाचा चुलतभाऊ झुलाल आणि त्याची बायको रत्ना पाटावर बसले. मेघाची आई कोकिळा मांडवाच्या मेढीला टेकून उभी होती. कपाळावर कुंकू, गळ्यात पोत, हातात हिरव्या बांगड्या, आणि तरी तिला पाटावर जागा नव्हती. आलेल्या बायकांनी ते पाहिलं. एकीनंही तोंड उघडलं नाही; पण कोकिळेला सगळं ऐकू आलं.

मेघाचा बाप नवल ट्रकवर ड्रायव्हर होता. टाळेबंदीच्या उन्हाळ्यात गाडी घेऊन गुजरातकडे गेला तो परतलाच नाही. फोन बंद. रस्ते मोकळे झाल्यावर त्याचा बाप चुडामण गाडीमालकाच्या दारात गेला. मालकानं त्याला आत बोलावलं नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, "तुमचा पोरगा गाडी रस्त्यात सोडून पळाला. सापडला तर मलाच कळवा."

चुडामण घरी आला, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "पयना म्हनस तो."

पळाला. पोलिसांत नोंद झाली, तिचं पुढे काही झालं नाही. बाकीचं गावानं पूर्ण केलं. कोणी म्हणे सुरतेला दुसरं घर केलं, कोणी म्हणे राजस्थानात दिसला. कोकिळा निंदायला गेली की शेजारच्या ओळीतल्या बायका बोलता बोलता थांबायच्या. मेलेल्याची बायको होणं तिला समजलं असतं. सोडून दिलेल्याची बायको होऊन विळा चालवणं फार जड जात होतं. नवल आहे की नाही, आणि असला तर आपल्याला टाकून गेला की काय, एवढंच तिला कळायला हवं होतं.

एक सासू तेवढी ठाम होती. लेकाचा विषय निघाला की ताईबाई म्हणायची, "मना आंडोर ट्रकवर शे. येई."

*

त्या वर्षी कापूस लावला, तो उगवला आणि ढेकळांत तापून गेला. दुबार लावला. अधिक श्रावण कोरडा गेला. रानात तणच नाही, मग निंदणी कुठली? बायका सकाळी डबे बांधून पाराजवळ बसायच्या आणि दुपारी डबे तिथेच खाऊन घरी जायच्या.

अशात रोनक आला. याचा आजा मिश्रीलाल शेठ. त्याचं दुकान पूर्वी याच गावात होतं. पुढे ही मंडळी पारोळ्याला गेली. रोनकनं पारोळ्याच्या रस्त्याला शेत घेऊन तिथे 'जुनं गाव' उभं केलं होतं. पडलेल्या घरांची लाकडं, चौकटी, मोडीत निघालेली भांडी त्यानं गावोगाव फिरून गोळा केली होती. लोक तिकीट काढून बघायला यायचे.

"काकू, कष्टाचं काम नाही," तो कोकिळेला म्हणाला. "तुम्ही आणि आजी घरी जे करता, तेच तिथे करायचं."

ताईबाई खाटेवरून म्हणाली, "घर तं आम्ही गॅसवर करतस, भाऊ."

"तिथे चुलीवर, आजी."

"म्हनजे जे सोडं तेच परत करनं."

रोनक हसला. त्याची बायको आयुषीही हसली. पण सासूसुना दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागल्या, कारण दुसरं काम नव्हतं.

धाब्याचं घर होतं. मातीच्या भिंती, वर मातीचं माळद, पुढे अंगण, अंगणात वांगी भाजायला कापसाच्या वाळक्या पराट्यांचा ढीग. ताईबाईनं दळायचं, कोकिळेनं भाकरी थापायची. चपला पराट्यांच्या मागे लपवायच्या. मोबाइल दिसता कामा नये. पाणी तांब्यानं प्यायचं, बाटली पदराखाली. ताईबाईला नऊवारी मिळालं ते तिच्या सासूच्या काळातलं असावं असं. नेसताना ती म्हणाली, "मनी सासू दखी तं ती हासी मरी."

समोर मिश्रीलालचं दुकान होतं. तराजू, गुळाची ढेप, गादी, आणि गादीवर सिमेंटचा मिश्रीलाल. त्याची म्हातारी बायको मोहनबाई एकदा पाहायला आली. काठी टेकून बराच वेळ बघत राहिली.

"नाक बरोबर आहे," ती म्हणाली. "पण एवढे ताठ ते जन्मात बसले नाहीत. दुपारी गिऱ्हाईक यायचं तर हे पोत्यावर घोरत असायचे."

"तशी मूर्ती करा म्हणा ना नातवाला," कोकिळा म्हणाली.

"करेल तो. तिकीट वाढवेल."

सिमेंटची माणसं बरीच होती. कुंभार, न्हावी, पाणी शेंदणारी बाई. म्हणून पाहणाऱ्यांचा गोंधळ व्हायचा. एका पोरानं कोकिळेच्या दंडाला बोट लावून पाहिलं आणि ओरडलं, "मम्मी, ही खरी आहे!" मम्मी हसत म्हणाली, "सॉरी हं." कोकिळेनं तव्यावरची भाकरी उलटली. बोट लागलेली जागा तिला संध्याकाळपर्यंत जाणवत होती. परतीच्या काळीपिवळी जीपमध्ये ती सासूला म्हणाली, "माय, मला हात लावून बघितलं आज."

"सिमिटनी निंघली का तू?"

"नाही."

"मंग बरं शे," ताईबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

*

खऱ्या श्रावणात नागपंचमी झाली आणि रविवारी खानदेशची देवी कानबाई आली. आदल्या दिवशी रोटाचे गहू काढायचे असतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. ते घरच्याच जात्यावर दळायचे, त्याचे रोट, म्हणजे जाड गोड पोळ्या, करायचे, आणि ते घरातल्यांनी नि भाऊबंदांनीच खायचे. परक्याला त्यातला तुकडा देत नाहीत. जे आहेत त्यांची मूठ उचलायची. गेलेल्यांची उचलत नाहीत.

चुडामण आणि झुलालचा रोट एकत्र व्हायचा. ताईबाई घरातली मोठी, म्हणून मूठ तिची. तिनं चुडामणचं नाव घेतलं, झुलालचं नि त्याच्या पोरांचं घेतलं, मग हात पुन्हा गव्हात घातला.

"काकी," झुलाल दारातून म्हणाला, "यंदा नवलची राहू द्या."

ताईबाईनं वर पाहिलं नाही. "का?"

"चार श्रावण होतील. आहे का नाही, माहीत नाही. नसलेल्याचा रोट आम्ही खावा का? देवीचं काम आहे. मला लेकरंबाळं आहेत."

"शे तो."

"कुठं आहे? सांगा ना. मी जाऊन आणतो."

कोकिळा जात्याजवळ बसली होती. खुंटा धरलेला हात तिनं सोडला नाही. झुलाल वाईट माणूस नव्हता. मेघाचं कन्यादान त्यानं केलं होतं. पण तो आता तिच्याकडे पाहत नव्हता, ओसरीच्या खांबाशी बोलत होता.

चुडामण काहीतरी बोलेल म्हणून सगळे थांबले. चुडामण तंबाखू मळत राहिला.

ताईबाईनं मूठ वर काढली. "नवल," ती मोठ्यानं म्हणाली आणि गहू सुपात टाकले.

रत्ना पुढे आली. तिनं सुपातून आपल्या नवऱ्याची आणि पोरांची मूठ बाजूला काढायला घेतली, पण गव्हाला काय नाव असतं? ती अडखळली, हात तसाच मागे घेतला. "आम्ही घरी वेगळे गहू घेतो," ती हळूच म्हणाली. त्या वर्षी एका भावकीचे दोन रोट झाले. घरातल्या तिघांना तो रोट संपेना. शिळा रोट चावताना कोकिळेला वाटलं, ही मूठ आहे तोवर मी कुणाची तरी बायको आहे. ज्या दिवशी सासू हात मागे घेईल, त्या दिवशी मी कोण?

*

दिवाळी झाली. थंडी पडली तशी 'जुन्या गावा'त गर्दी वाढली. रोनक म्हणाला, "आजी, रविवारी कानबाई दाखवू या. लोकांना फार आवडेल."

"कानबाई हिवायामा येत नही."

"फक्त दाखवायचं."

"देवी दखाडानी ऱ्हास का?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी ताईबाई एवढ्याला तयार झाली की देवी मांडायची नाही, नारळ नाही, चौरंग नाही. फक्त गहू कसे उचलतात ते दाखवायचं. आयुषी म्हणाली, "आजी, नावं कुठलीही घ्या. रामा, गोविंदा. कोणाला कळतंय?"

"माले कळस ना," ताईबाई म्हणाली. "नाव घिसन मूठ उचली, का ती खरी."

कोकिळेनं तिला बाजूला घेतलं. "माय, लोकांसमोर त्यांचं नाव नको. हसतील."

"कोनले वळखतस त्या?"

रविवारी अंगण भरलं. मोबाइल वर झाले. ताईबाई सुपापुढे बसली. "चुडामण," ती म्हणाली, आणि गहू टाकले. "नवल," ती म्हणाली. दुसऱ्या नावाला तिचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा होता.

पुढे बसलेल्या एका मुलीनं विचारलं, "आजी, नवल कोण?"

"मना आंडोर."

"कुठे असतो?"

"ट्रकवर शे. दूर गयेल शे. येई."

लोकांना ते आवडलं. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. कोकिळा चुलीमागे गेली आणि तिनं विझलेल्या चुलीत फुंकर मारली. राख उडून डोळ्यांत गेली.

*

माघात एका दुपारी, फारशी गर्दी नसताना, एक माणूस अंगणात आला. पन्नाशीचा, अंगात जुना स्वेटर, मनगटाला तिकिटाची कागदी पट्टी. त्यानं चपला काढून हातात घेतल्या होत्या. काखेत पिशवी.

"नवल ड्रायव्हरचं घर हेच का?" त्यानं विचारलं.

"हे कोणाचंच घर नाही, भाऊ," कोकिळा म्हणाली. "दाखवायचं आहे."

"त्याची आई इथे असते ना? मोबाइलात पाहिलं. गव्हाची मूठ उचलते ती."

कोकिळेनं हातातलं पीठ झटकलं. ताईबाई जेवून आत, जात्यापलीकडे, भिंतीला टेकून झोपली होती. कोकिळा अंगणात आली. "मी त्यांची बायको," ती म्हणाली.

तो माणूस खाली बसला. त्याचं नाव वना, राहणारा वरणगावकडचा. टाळेबंदीत तो गुजरातच्या हद्दीवर एका ढाब्यावर कामाला होता. नाक्यावर ट्रक अडकले होते. ड्रायव्हर ढाब्याच्या छपराखाली झोपायचे. त्यांत नवल होता.

"चांगला माणूस. रात्रंदिवस घरचं बोलायचा. म्हणायचा, श्रावणात मला घरी जायचंच आहे, माय माझ्या नावाची मूठ उचलते. मी म्हटलं, जाशील. मग त्याला ताप आला. खोकला. लोक लांब पळाले. गाडी आली पांढऱ्या कपड्यातल्या माणसांची, घेऊन गेली. पाच-सहा दिवसांनी एक पोलीस विचारायला आला, याचं कोणी आहे का. वारला म्हणाला. तिकडेच जाळलं." वनानं हातातल्या चपला खाली ठेवल्या. "मला गाव माहीत नव्हतं, बाई. पारोळा-धरणगावकडचा, एवढंच. फोन त्याच्याबरोबर गेला. त्याच्या गाडीचा मालक आला तेव्हा मी सांगितलं, की असं असं झालं. तो म्हणाला, बघतो. दुसरा ड्रायव्हर बसवला आणि गेला."

"मालकाला माहीत होतं?"

"होतं ना."

वनानं पिशवीतून ढाब्यावर मागे राहिलेला एक स्टीलचा डबा काढला. झाकणावर यंत्रानं कोरलेली अक्षरं होती: कोकिळा नवल. बुडाला पोचा होता. मेघा लहान असताना तिनं तो ओट्यावरून पाडला होता.

कोकिळेनं डबा मांडीवर घेतला. ती रडली नाही. तिच्या मनात आलं ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पळाले नव्हते. चार वर्षं ती एका पळून गेलेल्या माणसाची बायको होती, आणि तो माणूस छपराखाली बसून घरचं बोलत होता. आता तिची छाती आतून एकदम मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या जागेत दुःख शिरायला लागलं.

"काकू, जरा इकडे बघा ना," कोणीतरी म्हणालं. दोन बायका अंगणाच्या कडेला उभ्या होत्या, मोबाइल धरून. कोकिळेनं तिकडे पाहिलं. त्यांनी फोटो काढला, "छान" म्हणाल्या आणि कुंभाराकडे गेल्या.

"म्हातारीला भेटू का?" वनानं विचारलं.

"नको, भाऊ. त्या मूठ उचलतात. त्यांना नका सांगू."

वनानं मान डोलावली. भाकरी खाऊन जा म्हटलं तर त्यानं खाल्ली. जाताना आत झोपलेल्या ताईबाईला त्यानं दारातूनच हात जोडले.

डबा घरी नेला असता तर सासूच्या हाती लागला असता. कोकिळेनं तो तिथल्याच मांडणीवर, सगळ्यांत वरच्या फळीवर, पितळी पातेल्यांच्या मागे ठेवला.

चुडामणला मात्र सांगावं लागलं. शेताच्या बांधावर तिनं त्याला सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मंग पयना नही ना?"

"नाही, आबा."

"पयना नही," तो पुन्हा म्हणाला, आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तो गाडीमालकाच्या दारात गेला. मालक उंबऱ्यात आला. चुडामण म्हणाला, "मना आंडोर पयना नव्हता. तुले मालूम व्हतं." उत्तराला न थांबता माघारी आला. आणखी एका दिवशी तो तापीवर जाऊन सुतकाची अंघोळ करून आला. मिशी काढली नाही. ताईबाईनं विचारलं असतं.

घरात तसंच चालू राहिलं. सकाळी कोकिळा आरशासमोर कुंकू लावायची तेव्हा तिचा हात जड व्हायचा. पण सासू समोरच चहा पीत बसलेली असायची आणि तिच्या कपाळाकडे पाहत असायची.

फाल्गुनात ती मेघाची ओटी भरायला तिच्या सासरी धरणगावला जाऊन राहिली. परत कामावर आली तर मांडणीवरची भांडी चिंचेनं घासून लखलखीत केलेली. तिनं घाईनं स्टुलावर चढून पाहिलं. डबा जागेवर होता. तोही घासलेला होता. आयुषीच्या हाताखालच्या पोरींनी घासला असेल, तिला वाटलं.

*

उन्हाळ्यात ताईबाईनं खाट धरली. धाप लागायची, पाय सुजायचे. डॉक्टर म्हणाले हृदय दमलंय. मेघाला मुलगी झाली, ती पणजीला दाखवून नेली. पाऊस यंदा वेळेवर आला. श्रावण आला, नागपंचमी झाली.

शनिवारी ताईबाईनं सूप आणि गव्हाचं पोतं खाटेजवळ मागवलं. गव्हात हात घातला, पण मूठ मिटेना. बोटांतून दाणे गळायचे.

"तू उचल," ती कोकिळेला म्हणाली.

कोकिळा खाली बसली. चुडामण ओसरीत होता. तिनं सासऱ्याचं नाव स्वतः न घेता "आबा" म्हटलं आणि गहू सुपात टाकले. मग हात पुन्हा पोत्यात घातला. मूठ भरली. नाव ओठांपर्यंत आलं. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. आणि आता घेतलं तर देवीपुढे खोटं, न घेतलं तर सासूपुढे.

"थांब," ताईबाई म्हणाली.

कोकिळा थांबली.

"तो डबा मी घासा. पाडवाना पहिले. बुडले पोचा शे त्याले."

ओसरीत चुडामणचं तंबाखू मळणं थांबलं.

"माय..."

"डबा उना, तो नही उना. मंग मी समजनू. तुना सासराले इचारं नही, तुले इचारं नही." तिला धाप लागली. थांबून ती म्हणाली, "तू कपायले कुंकू लावस, ते दखी मी गप बसनू. म्हनलं, हिले मालूम नही. हिनं कुंकू कसाले पुसू?"

"आणि मी तुमच्यासाठी लावत होते," कोकिळा म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. मग ती हसल्यासारखी झाली, पण आवाज आला नाही.

"पयना व्हता का तो?" तिनं विचारलं.

"नाही. आजारी पडले. तुमच्या मुठीचं बोलायचे. श्रावणात घरी जायचंय म्हणायचे."

ताईबाईनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "सोड मंग. कुंकू तुनं शे, ते तू ठरव. पन मूठ सोड."

कोकिळेनं हात पोत्यावर धरला आणि बोटं उघडली. गहू पोत्यात परत पडले. आवाज काही फार मोठा झाला नाही, पण ओसरीत चुडामणनं तो ऐकला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

त्या वर्षीचा रोट एवढासा झाला. संध्याकाळी झुलाल आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "काकी, आमचे गहू यातच दळू." ताईबाईनं मान डोलावली. रत्नानं घरून गहू आणले आणि दोघी जावा समोरासमोर जात्याला बसल्या.

डबा अजून 'जुन्या गावा'तच आहे. आयुषीनं त्याला चिठ्ठी लावली आहे: प्रवासात भाकरी नेण्याचा डबा. कोकिळा रोज तो पुसते. कुंकू ती अजून लावते. कोणी विचारत नाही.

नवल टाळेबंदीच्या वर्षी वैशाखात वारला. ताईबाई मेघाच्या लग्नाच्या पुढच्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारली.